उगवलेलं उपटू नये

आत्याबाई, आज सकाळी तुमच्या वावरात मी पुन्हा पऱ्हाटीची, कापसाची रोपं उपटली. चांगली हिरवीगार, नुकती चार पानांवर आलेली. जिथं झुबका उगवला होता तिथलं जोमाचं एक ठेवलं आणि बाकीची मुळासकट धुऱ्याच्या बांधावर फेकली. तुम्ही असता तर तुमचा आवाज पार चावडीपर्यंत गेला असता. तुम्ही नाही, किती वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी मी वावरात वाकले की मागून तुमची हाक येईल असं वाटून मान वळतेच. ही खोड काही केल्या जात नाही. पण मान वळते म्हणून हात थांबतो असं मात्र समजू नका. हात तेव्हाही थांबला नव्हता. "चार बुकं शिकलेली सून, भाकर मात्र वाकडी," असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता ना? तर त्या चार बुकांच्या जोरावर आज तुम्हाला लिहायला बसले आहे. भाकर अजून वाकडीच होते.

माझं माहेर बाळापूरजवळचं, नदीकाठच्या वाडीतलं. वांगी, मिरची, मुळे, मेथी, सणासुदीला झेंडू. आमच्याकडे उपटणं म्हणजे पाप नव्हतं, संध्याकाळची भाजी होती. मुळा दाट उगवला की आम्ही पोरी दुपारभर विरळायचो आणि ती कोवळी पानं रात्री ताटात असायची. बाबा म्हणायचे, दाटीत कोणाचंच पोट भरत नाही, ना माणसाचं ना मुळ्याचं. तिथून मी लग्न होऊन दर्यापुराकडच्या तुमच्या काळ्या मातीत आले. कावळ्याला मारायला खडा सापडणार नाही असं रान, विहिरीचं पाणी खारं, आणि नजर जाईल तिकडे पऱ्हाटी नि ज्वारी. तेव्हा वऱ्हाड नागपूरच्या हाताखाली होतं, नागपूर गोऱ्या साहेबाच्या, आणि आपलं घर तुमच्या. मामंजी कधीच गेले होते. लेकरांपैकी एकच वाचलेला, तो माझा नवरा. वावर तुम्ही एकटीनं ओढत आणलं होतं, हे मला मान्य होतं आणि आहे. पण ते थकलं होतं, आत्याबाई. दर साली बोंडं बारीक होत होती, ज्वारीचं कणगं पुढच्या ज्वारीपर्यंत पुरत नव्हतं. हे रात्री जेवताना म्हणायचे, वावर बटाईनं देऊन टाकू आणि अकोल्याच्या कापसाच्या जिनात कामाला जाऊ. ते असं बोलले की तुमचा घास हातातच राहायचा. का राहायचा ते मला पुढं कळलं. पण एवढं पहिल्याच साली कळलं होतं की हे वावर पिकलं नाही तर ते दुसऱ्याच्या हातात जाणार, आणि तुमच्या रीतीनं ते पिकणार नव्हतं.

पहिलं भांडण शेणावरून झालं. गोठ्यात बैलजोडी, एक गाय, एक म्हैस. शेण सकाळी गोळा व्हायचं आणि दुपारपर्यंत भिंतीवर चिकटलेलं असायचं, तुमच्या पंजाचे ठसे घेऊन. मागची भिंत म्हणजे नुसते तुमचे हात. एकदा शेतकी खात्याचा माणूस गाडी जुंपून गावात आला आणि चावडीपुढं बोलला. पुरुष समोर बसले, आम्ही बाया देवळाच्या भिंतीआडून ऐकत होतो. तो म्हणाला, शेण जाळता म्हणजे वावराचा घास जाळता; ते खड्ड्यात कुजवा, बैलाखाली सुकी माती पसरा, मूत तिच्यात जिरू द्या, आणि ती माती वावरात न्या. पुरुषांनी माना डोलावल्या, त्याला पान दिलं, आणि घरी येऊन गोवऱ्यांवरच्याच भाकरी खाल्ल्या. पालथ्या घड्यावर पाणी. आमच्या वाडीत हे सगळं बाबा कोणी न सांगता करायचे, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते ऐकून कोणी काही केलं नाही याचं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही उठायच्या आत मी शेणाचं टोपलं उचललं. परसात खड्डा खणला होता, त्यात शेण, राख, ज्वारीची धसकटं, झाडलोट. तुम्ही दारात उभ्या. "काय करून राहिली वं?" मी म्हणाले, "शेण खड्ड्यात टाकून राहिली." "मंग चुलीत काय तुह्या बापाची दाढी घालू?" मी म्हणाले, "पऱ्हाट्या घाला. वावरभर वाळल्या उभ्या हायेत." आणि त्या दिवसापासून आपल्या चुलीत पऱ्हाट्या आल्या. खरं सांगते, त्रास झाला. पऱ्हाटी भपकन पेटते नि भपकन विझते, चुलीपुढून उठायची सोय नाही. तुमचं दूध गोवरीच्या मंद आरावर दिवसभर तापायचं, लालसर व्हायचं, जाड साय धरायचं. ते आता पांढरंफट्ट राहू लागलं. तुम्ही वाटी पुढं सरकवून म्हणालात, "हे दूध हाय का धुवण?" तीन सांजा तुम्ही दुधाला हात लावला नाही. आणि गोठ्यातली मुताची माती मी डोक्यावर घेऊन चावडीपुढून निघाले तेव्हा तर तुम्ही कपाळावर हात मारून ओट्यावर बसलात. "बाप्पा बाप्पा! बैलाचं मूत डोक्यावर वाहून राहिली माही सून! लोकायनं काय म्हनावं?" लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं, हसलेसुद्धा. मी टोपलं खाली ठेवलं नाही. आजही कोणी हसलं तर ठेवणार नाही.

आणि तरी पेरणीला तुम्हीच मला सरतं दिलंत. बांबूची नळी, तिच्यावर लाकडी चाडं, तुमच्या मुठीनं घासून घासून आतून गुळगुळीत झालेलं. आपल्याकडे पऱ्हाटी पेरायचा मान बाईचा. पुरुष बैल हाकतो आणि मागून बाई ओटीतली सरकी मुठीमुठीनं चाड्यात सोडत जाते. दाट पडायचं की विरळ, ते तिच्या बोटांवर. आदल्या दिवशी आपण दोघींनी सरकी शेणमातीत घोळून बाजेवर घासली होती, तिची लव बसावी, नळीत अडकू नये म्हणून. सकाळी तुम्ही सरतं माझ्या हातात दिलं आणि म्हणालात, "धर. माही मूठ आता थकली. तुह्या हातानं होऊ दे." मला रडू आलं. नवऱ्यानं मंगळसूत्र घातलं तेव्हा आलं नव्हतं एवढं आलं. त्या घरात मी त्या दिवशी सून झाले.

आणि त्याच दिवशी मी माझी वाडीची अक्कल चालवली. पुढं उपटायचंच आहे तर दाट पेरायचं कशाला, म्हणून मूठ आवळून एकेक सरकी सोडत गेले. पाऊस झाला, मग चार दिवस ऊन तापलं आणि काळ्या मातीवर पापडी धरली. वाडीतल्या भुसभुशीत मातीत हे मी कधी पाहिलंच नव्हतं. एकेकटा कोंब ती पापडी फोडू शकला नाही. आतल्या आत वाकडे होऊन पिवळे पडलेले कोंब मी नखानं माती उकरून पाहिले. अर्ध्याहून जास्त तासांत, पेरलेल्या ओळींत, खाडे. तुम्ही माझ्या शेजारी उकिडव्या बसलात, पापडीचा एक तुकडा उचलला आणि म्हणालात, "एकट्यादुकट्याच्यानं हे उचलत नाई, पोरी. चौघं लागतात." मी शिव्यांची वाट पाहत होते. तुम्ही ओटीत सरकी घेतली, खुरपं घेतलं आणि एका टोकापासून खाडे भरायला लागलात. उन्हाचं, कंबर धरलेली असताना. तुमचं तेवढं खरं होतं, आत्याबाई. सगळं नाही, तेवढंच.

पुढच्या साली मी पेरलं ते तुमच्या मुठीनं, दाट. झुबक्यानं कोंब वर आले, पापडीचे तुकडे डोक्यावर उचलून आले. वावर हिरवं झालं, तुम्ही धुऱ्यावर उभ्या राहून हसलात. आणि चार पानांवर रोपं आली तेव्हा मी वाकले आणि उपटायला लागले. तुम्ही धावत आलात. त्या वयात तुम्हाला धावताना मी तेव्हाच पाहिलं. "काहून उपटून राहिली वं? जित्या जीवाले? हात झडतीन तुहे!" मी सांगू लागले की एका भाकरीवर पाचजण बसवले तर पाचही मरतुकडे राहतात, वीतभर मोकळी माती मिळाली तर एकच रोप फांद्या फोडेल, बोंडांनी लवेल. तुम्ही ऐकत नव्हता. तुम्ही माझ्यामागून टाकलेली रोपं वेचत होता. ओटी भरून तुम्ही ती हिवराच्या झाडाखाली नेलीत, धुऱ्यालगत खुरप्यानं माती उकरून एकेक लावलीत, घागरीतलं प्यायचं पाणी घातलंत. पऱ्हाटी काय मिरची आहे का, उपटून लावली तर जगायला? तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. जन्म गेला होता पऱ्हाटीत. ऊन डोक्यावर आलं तशी सगळी रोपं माना टाकून पडली.

हे मग मला हळूच म्हणाले की आईची लेकरं तिथं हिवराखाली आहेत. आपल्यात तान्ह्यांना जाळत नाहीत, मातीत ठेवतात. एक जन्मताच गेलं, एक देवीनं, एक हगवणीनं, आणि एक पोरगी नुसती बारीक होत होत गेली. तेव्हापासून तुम्ही वावरात उगवलेलं काही उपटलं नव्हतं, तण सोडून. मी तुमच्याजवळ गेले. तुम्ही वर न पाहता म्हणालात, "उगवलेलं उपटू नये. तो वर बसला हाय उपटाले. आपण काहून त्याचे हात व्हावं?" पाया पडावं, सरतं परत द्यावं, असं वाटलं. पण मी तिथं उभी राहूनच बोलले, आणि आज पुन्हा तेच बोलते: नाही उपटलं तर हे वावर पिकणार नाही, वावर पिकलं नाही तर तुमचा लेक ते बटाईनं देऊन अकोल्याला जाणार, आणि मग या हिवराखाली नांगर कोण फिरवेल ते तुमच्या हातात राहणार नाही. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मीच नांगर घेऊन उभी आहे. हे मधे पडले. हिवराकडचं अर्धं आईचं, नाल्याकडचं अर्धं हिचं, आणि आता तोंड बंद ठेवा दोघी, म्हणाले.

मग जे झालं ते अख्ख्या गावानं पाहिलं. तुमच्या अर्ध्यात पऱ्हाटी गर्दीनं उंच गेली, काटकुळी, फुलांच्या पात्या, कळ्या धरायच्या आणि गळायच्या. माझ्या अर्ध्यात, खड्ड्यातलं कुजलेलं शेण आणि ती हसण्यावारी गेलेली माती पोटात घेऊन, एकेक झाड असं पसरलं की तण काढायचा डवरा फिरवायला जागा राहिली नाही. वेचणीला तुम्ही मुद्दाम माझ्याच तासात आलात. ओटी भरली की बोंड चेपून म्हणायचात, "कापूस वला हाय तुहा." कधी म्हणायचात, "नाल्याकडचं वावर मुळातच चांगलं, त्यात तुहं काय?" मी म्हणाले, मग पुढल्या साली अदलाबदल करू. तुम्ही ओटी सावरून पुढच्या झाडाला हात घातलात. पण त्या हिवाळ्यात अकोल्याच्या जिनाचं नाव घरात पुन्हा निघालं नाही, आणि तुमचा घास हातात अडकायचा थांबला. तो घास माझ्या अर्ध्यातला होता. हे मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

त्याच थंडीत मला जुळ्या मुली झाल्या. थोरली मुठी आवळून रडणारी, धाकटी चिमणीच्या पिलाएवढी, रडायचंही बळ नाही. मला ताप भरला, दूध नीट उतरेना. सुईण गावातलीच, आपली सगळी भांडणं तिला पाठ. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "थोरलीले पाज, बाई. दोघीले पुरत नाई. धाकटीची आस सोड, एक तरी हाती राहू दे. तुह्याच रीतीचं बोलून राहिली मी." मला उत्तर द्यायचं होतं, पण तापानं दात वाजत होते. तुम्ही दारातून आत आलात. "उठ," तुम्ही तिला म्हणालात. "हे वावर नोय. हे माह्यं घर हाय. इथं उगवलं ते आमचं." तुम्ही सूप घेतलं, त्यात माझ्याच तासातला, तुम्हाला ओला वाटणारा कापूस अंथरला, त्यात धाकटीला ठेवलं. आणि मग तुम्ही कणग्यामागून गोवऱ्या काढल्या. गोवऱ्या! माझ्या खड्ड्यातलं शेण चोरून, माझा डोळा चुकवून, तुम्ही कधी थापल्या होत्या कोण जाणे. चांगली उंच चळत निघाली. पऱ्हाटीच्या जाळानं खोली ऊब धरत नाही. गोवरीचा आर धरतो. अख्खा पौष तुम्ही तो आर विझू दिला नाही. बकरीचं दूध कापसाच्या वातीनं थेंब थेंब पाजत त्या सुपाशेजारी बसून राहिलात. धाकटी जगली. आज ती माझ्याहून वीतभर उंच आहे, आणि आवाज थेट तुमचा.

गावातल्या बाया म्हणाल्या, सासूनं सुनेला बरा धडा दिला. कसला धडा? मी बाळंतिणीच्या खाटेवरून उठले तेव्हा तुमच्या तोंडावर म्हणाले, तेच आज लिहिते. धाकटीला तुम्ही जगवलं, त्यासाठी मी तुमचे पाय धुऊन पाणी पिईन. पण म्हणून पऱ्हाटी दाट ठेवणार नाही, आणि शेण पुन्हा चुलीत घालणार नाही. लेकरू उपाशी राहिलं तर आपण शेजारणीकडे जातो, बकरी बांधतो, रात्र जागतो. मातीला कुठली आलीय शेजारीण? तिच्याजवळ जेवढं आहे तेवढंच, आणि तेही आपण घातलं तर. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि खो खो हसलात. "लय तोंडाळ हायेस बाप्पा तू," म्हणालात. त्या घरात आल्यापासून तुम्हाला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या साली रोपं चार पानांवर आली तेव्हा तुम्ही दोन्ही पोरींना घेऊन वावरात आलात. हिवराखाली बसलात, दोन मांड्यांवर दोघी, वावराकडे पाठ करून. मी नाल्याकडून सुरुवात केली. माझं अर्धं संपलं. तुमच्या अर्ध्याच्या पहिल्या तासाशी मी थांबले, तुमच्या पाठीकडे पाहिलं. तुम्ही पोरींशी काहीतरी बोलत होता. मी वाकले आणि उपटलं. रोप मुळासकट निघताना बारीक आवाज होतो, तो तुम्हाला तिथवर ऐकू जात असणार. तुम्ही वळला नाहीत, हाकही मारली नाहीत. तेवढं मला पुरलं. त्यानंतर वावर पुन्हा कधी दोन तुकड्यांत झालं नाही.

आता गोणीतलं पांढरं खत आलं आहे. नातू म्हणतो, आजी, एक मूठ फेकली की झालं, तू कशाला खड्ड्याचा वास घेत बसतेस? त्याच्याशीही मी तुमच्यासारखंच तोंड करते. फेक तुझी मूठ, पण खड्डा बुजवायचा नाही म्हणते. आजही मजुरीच्या बाया विरळताना कचरतात, दोन दोन रोपं ठेवून पुढं सरकतात, आणि मला मागून जाऊन दुसरं उपटावं लागतं. मी उपटते. तुम्ही माझं ऐकलंत म्हणून नाही, मी बरोबर होते म्हणून. हे तुम्ही मरेपर्यंत कबूल केलं नाहीत, आणि मी मरेपर्यंत म्हणणं सोडणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं, तुमच्या गावाला टपाल जात नाही. चुलीत घालणार नाही, ते तर तुम्हाला जिंकू देणं झालं. उद्या सकाळी शेणाच्या टोपल्याबरोबर खड्ड्यात टाकीन. पुढच्या उन्हाळ्यात खत गाडीत भरून वावरात जाईल, त्यात हेही जाईल.

आणि एक. हिवरालगतचा शेवटचा तास मी कोणाला विरळू देत नाही. स्वतःही विरळत नाही. तिथं पऱ्हाटी दाटीनं उभी राहते, काटकुळी, ओटीभरसुद्धा कापूस निघत नाही. सालोसाल वाया जातो तो तास. कोणी विचारलं तर सांगते, झाडाची सावली पडते, तिथं मेहनत करून उपयोग नाही. आज धाकटी आली होती, तिनं विचारलं, तिलाही हेच सांगितलं. ती वर बघून म्हणाली, "आई, सावली तं तिकडल्या बाजूनं पडून राहिली." मी म्हणाले, तू गप बस.